चुकलेलं अवतरणचिन्ह आणि कंपायलरचा सल्ला : पोरांना एका वाचनात कळेल असा कसा करावा?

दिग्रसची_लॅब (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसजवळच्या एका कॉलेजात प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल्स घेतो. आधी सी, मग जावा आणि पायथन. वर्गातली बहुतेक पोरं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात, घरी संगणक असलेली थोडी. त्यामुळे कोड आधी वहीत नाही तर मोबाइलवर लिहायचा, नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर वर्ड किंवा पीडीएफमधून यायच्या, आणि लॅबमध्ये बसलं की तिथून उचलून चिकटवायचं. या प्रवासात सरळ अवतरणचिन्ह " कुठेतरी गोल होऊन “ ” असं होतं आणि पोरगं पहिल्याच प्रोग्रॅमला अडकतं.

नेमकं काय होतं ते बघा. (कोडमधले इंग्रजी शब्द इथे देवनागरीत लिहितोय, चिन्हं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.)

प्रिंटएफ(“हॅलो”);

आमच्या लॅबमध्ये डेव्ह-सी++ ५.११ आहे, त्याच्यासोबत जीसीसी ४.९.२ हा कंपायलर (लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम) येतो. ही ओळ दिली की तो म्हणतो, स्ट्रे '\३४२' इन प्रोग्रॅम, म्हणजे प्रोग्रॅममध्ये भलतंच काही आलंय. मग स्ट्रे '\२००'. मग स्ट्रे '\२३४'. हे झालं उघडणाऱ्या एका चिन्हाचं. बंद करणाऱ्याचे पुन्हा तीन, त्यातला शेवटचा '\२३५'. वर 'हॅलो' अनडिक्लेअर्ड (आधी जाहीर न केलेलं नाव) आहे ही तक्रार वेगळीच. कारण असं की “ हे युनिकोडमधलं (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी) २०१सी क्रमांकाचं चिन्ह, यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत त्याचे तीन बाइट होतात, आणि हा जीसीसी एकेक बाइट सुटा धरून त्याचा ऑक्टल (आठच्या पायाचा) आकडा छापतो. आता हे पहिल्या सेमिस्टरच्या पोरीला कसं कळावं? एक मुलगी आपल्या आठ-नऊ ओळींच्या प्रोग्रॅममध्ये ३४२ नंबरची ओळ शोधत बसली होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं, समोर आकडा आला तो तिनं ओळीचा समजला.

जीसीसी १० पासून (२०२०) हे चिन्ह अख्खं वाचलं जातं, तेवढा फरक पडला. पण 'याच्या जागी हे टाक' असं नेमकं सांगणं म्हणजे वेगळं काम आहे. स्विफ्ट भाषेचा कंपायलर ते करतो: गोल अवतरणचिन्ह सापडलं, त्याऐवजी " टाका. पायथन ३.९ पासून निदान चिन्ह आणि त्याचा युनिकोड क्रमांक दाखवतो. त्याआधी 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर इन आयडेंटिफायर' एवढंच म्हणायचा, आणि पोरं व्हेरिएबलचं नाव बदलत बसायची.

मी लॅबसाठी एक छोटा तपासनीस लिहितोय. कंपाइल करण्याआधी तो फाइल वाचेल आणि अवतरणचिन्हांची चूक मराठीत सांगेल. माझं म्हणणं एवढंच आहे की चिन्हं दोन असली तरी चूक एक आहे. तेव्हा संदेश एकच यावा आणि सल्ला जोडीचा यावा. पण सल्ला द्यायचा कधी आणि गप्प बसायचं कधी, यावर तुमचं मत हवंय. पुढे जमलं तर खऱ्या कंपायलरांच्या प्रकल्पांकडेही हे मुद्दे पाठवू.

---

आर्वीकर

सर, चांगला विषय काढलात. गाव आर्वी, नोकरी नागपुरात. रस्ट भाषेच्या कंपायलरचा लेक्सर (कोडमधले शब्द आणि चिन्हं सुटी करणारा भाग) मी बऱ्यापैकी वाचला आहे, म्हणून तिथली पद्धत सांगतो.

रस्टमध्ये दिसायला सारख्या चिन्हांचा एक तक्ता आहे. युनिकोड संस्था सुरक्षेसाठी 'कन्फ्युजेबल्स' नावाची यादी काढते, त्यावरून तो बनवलाय. लेक्सरला अनोळखी चिन्ह भेटलं की तो तक्त्यात बघतो, आणि सापडलं तर चिन्हाचं पूर्ण नाव घेऊन 'हे अमुक चिन्हासारखं दिसतं, पण ते नाही' असं सांगतो. दुहेरी गोल चिन्हासाठी खास सोय आहे. “ दिसलं की पुढे ” आहे का ते शोधतो आणि दोन्ही एकदम बदलून दाखवतो. तुम्ही म्हणता तोच जोडीचा सल्ला.

याच तक्त्यात आपला विसर्ग आहे, कोलनसारखा दिसणारा म्हणून. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि : ऐवजी ः टाइप झालं तर रस्ट ते ओळखतो. तुमच्या तपासनिसात हे जरूर घ्या. पायथनमध्ये इफच्या ओळीच्या शेवटी विसर्ग बसला तर डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही.

आता अडचण. स्वल्पविराम किंवा अर्धविरामासारखं चिन्ह चुकलं असेल तर रस्ट बरोबर चिन्ह धरून पुढे वाचत जातो, म्हणून खाली खोट्या चुकांची रांग लागत नाही. अवतरणचिन्हात ते जमत नाही, कारण लिटरल (कोडमध्ये थेट लिहिलेला मजकूर किंवा अक्षर) वाचण्याची पायरी तोवर मागे पडलेली असते. सोर्समध्ये तशी नोंदही आहे. म्हणून सल्ला बरोबर आला तरी त्याच्याखाली दुसऱ्या तक्रारी येऊ शकतात. तुमचा तपासनीस आधीच चालणार असल्यामुळे तुम्हाला ही अडचण नाही. पहिली चूक सापडली की तिथेच थांबा, कंपायलरपर्यंत जाऊच देऊ नका.

---

आर्णीची_पोट्टी

सर, मी तुमच्या कॉलेजातली नाई, पण आमचं बी असंच हाय. मी मोबाइलवरच शिकतो, लॅपटॉप नाई.

मले वेगळीच गोष्ट विचारायची हाय. माया नोट्समधे गोल चिन्हं नव्हती. मी जावामधे असं लिवलं होतं:

स्ट्रिंग नाव = 'सीता';

पायथनमधे हे चालते, म्हणून लिवलं. तर दोनदा 'अनक्लोज्ड कॅरॅक्टर लिटरल' आलं. म्हणजे बंद केलं नाई म्हणते. मी तं बंद केलं हाय, दिसूनच रायलं! मंग मी आणखी एक ' लावून पायलं, तवा आणखी वाढलं. काहून असं? आन ते सरळ सांगत काहून नाई का दुहेरी लाव म्हणून?

---

वरुडकर

ताई, तुमचा प्रश्न या धाग्याच्या बरोबर मुळाशी जातो.

जावाच्या लेखी ' म्हणजे एका अक्षराचं लिटरल. 'स पर्यंत वाचलं, लगेच ' यायला पाहिजे, आलं नाही, झाली पहिली तक्रार. मग पुढचं वाचत शेवटच्या ' पाशी आला, त्याला वाटलं हे नवीन उघडलं, तेही बंद नाही, झाली दुसरी. तुम्ही लावलेली जोडी त्याला जोडी म्हणून दिसलीच नाही. त्यामुळे त्याचं म्हणणं त्याच्या नियमात बरोबर असूनही तुम्हाला नेमकं उलटीकडे नेतं.

सीमध्ये आणखी वाईट. प्रिंटएफ('हॅलो') लिहिलं तर जीसीसी आधी म्हणतो कॅरॅक्टर कॉन्स्टंट मावत नाही, मग म्हणतो पूर्णांकापासून पॉइंटर (मेमरीतला पत्ता) होतोय. जीसीसी १४ च्या आधी (तो २०२४ मध्ये आला) या दोन्ही नुसत्या वॉर्निंग होत्या. प्रोग्रॅम बनायचा आणि चालवला की कोसळायचा. अवतरणचिन्हाचा उल्लेख कुठेच नाही.

पण धागाकर्त्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. सल्ला देण्याची घाई करू नका. क्लँग या सी कंपायलरच्या अंतर्गत दस्तऐवजात दोन नियम दिलेत आणि ते मला फार पटतात. एक, मूळ तक्रारीला जोडलेली दुरुस्ती, जी आपोआप लागू होऊ शकते, ती तेव्हाच द्यायची जेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात तेच असण्याची दाट शक्यता आहे. दोन, एकदा दुरुस्ती सुचवली की कंपायलरनं पुढचं सगळं ती दुरुस्ती झाली आहे असं धरूनच वाचायचं. रस्टमध्येही प्रत्येक सल्ल्याला खात्रीची पातळी चिकटवावी लागते. 'मशीन-अ‍ॅप्लिकेबल' असेल तरच कार्गो फिक्स हे रस्टचं साधन तो स्वतःहून लावतं. 'मेबी-इनकरेक्ट' असेल तर नुसता दाखवतो.

आता आपली मराठी घ्या.

प्रिंट("आई म्हणाली, “जेवून जा.”")

यातली गोल चिन्हं बरोबर आहेत, ती मजकुराचा भाग आहेत. 'गोल दिसलं की सरळ कर' असा नियम केलात तर हा धडधाकट प्रोग्रॅम मोडेल. इंग्रजी उदाहरणांवर चाचणी घेणाऱ्याला हे भेटायला वेळ लागतो. आपल्याकडे पहिल्या आठवड्यात भेटेल.

---

डीटीपी_मूर्तिजापूर

गोल चिन्हं कुठून येतात ते मी सांगतो, रोजचं काम आहे. वर्डमध्ये 'ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप' खाली 'स्ट्रेट कोट्स विथ स्मार्ट कोट्स' अशी खूण असते, ती आधीपासून चालू असते. कॉलेजांच्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका टाइप करताना मी ती काढून टाकतो, पण सगळे काढत नाहीत. आयफोनमध्ये आयओएस ११ पासून कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'स्मार्ट पंक्च्युएशन' आहे. आणि लाटेक या टाइपसेटिंगच्या प्रणालीत केलेल्या पीडीएफमधून कॉपी केलं तर एकेरी सरळ चिन्हाच्या जागी ’ येतं, त्यासाठी 'अपकोट' नावाचं पॅकेज घालावं लागतं. मुळातच बंद केलं तर निम्मी कटकट जाईल.

---

दिग्रसची_लॅब

मूर्तिजापूरकर, आभार. नोट्स बनवणाऱ्यांसाठी ही माहिती नोटिस बोर्डवर लावतो.

वरुडकर, तुमचं उदाहरण मान्य, अगदी शंभर टक्के. तपासनिसाचे नियम असे ठरवतोय. फाइल वाचताना आपण कुठे आहोत ते लक्षात ठेवायचं: उघड्या कोडमध्ये, सरळ चिन्हांच्या स्ट्रिंगमध्ये (अवतरणातल्या मजकुरात) की कॉमेंटमध्ये (माणसांसाठीच्या टिपेत). स्ट्रिंग आणि कॉमेंटमधल्या गोल चिन्हांना हात लावायचा नाही. उघड्या कोडमध्ये “ भेटलं तर त्याच ओळीत ” शोधायचं. मध्ये एकही सरळ " नसेल तर जोडी पक्की, दोन्ही बदलायला सांगायचं. मध्ये सरळ " आलं तर नुसती जागा दाखवायची. पोरं पुष्कळदा एक बाजू सुधारतात आणि दुसरी तशीच राहते, म्हणून “ ने उघडून " ने बंद झालेलं असेल तर तेही ओळखायचं.

संदेश सध्या असा आहे:

ओळ ४ : इथे गोल अवतरणचिन्हं “ ” आली आहेत. सी भाषेत सरळ " लागतं. दोन्ही टोकांना बदला: प्रिंटएफ("हॅलो");

शेवटची दुरुस्त ओळ पूर्ण छापतोय, कारण चुकीच्या जागेखाली कंपायलर काढतो तो नुसता ^ बाण छोट्या स्क्रीनवर पोरांच्या नजरेत भरत नाही.

आर्णीच्या ताई, तुमचा जावाचा प्रकार मी धरलाच नव्हता, आता घेतो. ' नंतर एकापेक्षा जास्त अक्षरं आणि मग त्याच ओळीत ' असेल तर 'एकापेक्षा जास्त अक्षरांना दुहेरी चिन्ह लागतं' असं सांगायचं.

---

आर्वीकर

सर, त्यात दोन खाचा आहेत, आधीच सांगून ठेवतो.

पहिली. 'ती म्हणाली "ये"' असं कोणी लिहिलं आणि तुम्ही डोळे झाकून बाहेरची दोन चिन्हं दुहेरी केलीत, तर आतलं "ये" स्ट्रिंग तोडून टाकेल. सल्ला पाळल्यावर नवी चूक उभी राहिली की पोराचा त्या साधनावरचा विश्वास उडतो. रस्ट असा सल्ला देताना आतल्या दुहेरी चिन्हांपुढे \ लावून ओळ दाखवतो. तेवढं कराच.

दुसरी खाच जास्त मजेशीर आहे. रस्टमध्ये ' चं आणखी एक काम आहे: 'ए अशी लाइफटाइमची (संदर्भ किती काळ वैध ते सांगणारी) नावं त्यानंच सुरू होतात. त्यामुळे 'हॅलो' लिहिलं तर लेक्सर शब्द संपेपर्यंत जातो, लगेच ' दिसतं, आणि तो ओळखतो की हे लांबलेलं कॅरॅक्टर लिटरल आहे, दुहेरी चिन्ह सुचवू या. पण 'हॅलो मंडळी' लिहिलं तर? मध्ये जागा आली. 'हॅलो हे त्याला लाइफटाइम वाटतं. मंडळी हा सुटा शब्द. त्याला चिकटून ' आलं, तर २०२१ आवृत्तीत 'मंडळी' हा अनोळखी प्रीफिक्स (लिटरलच्या आधी जोडायचा उपसर्ग) ठरतो. आणि शेवटचा ' बंद न झालेलं लिटरल ठरतो, चूक क्रमांक ई०७६२. म्हणजे एका शब्दाला चोख सल्ला आणि दोन शब्दांना गोंधळ, नुसत्या एका स्पेसमुळे.

यावरचा उपाय मला फार आवडला. लेक्सर आता शेवटच्या लाइफटाइमचं ' कुठे होतं ते लक्षात ठेवतो. पुढे बंद न झालेलं ' सापडलं की मागे वळून बघतो, आणि दोन्ही टोकांना " सुचवतो. मोठं काही नाही, एक जागा जपून ठेवली एवढंच. चांगला सल्ला द्यायचा तर कंपायलरला थोडं मागचं आठवावं लागतं, आणि बहुतेक वेळा लागणारी आठवण एवढीच छोटी असते.

---

हिंगणघाट_डेटाबेस

कंपायलर नाही, पण जवळचंच म्हणून लिहिते. आम्ही शेतकरी उत्पादक कंपनीची कापूस खरेदीची नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. नवीन आलेली मुलं मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस शिकून येतात, तिथे साध्या सेटिंगमध्ये दुहेरी चिन्हातला मजकूरही स्ट्रिंग धरला जातो. पोस्टग्रेस प्रमाण एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) पाळतं: एकेरी चिन्ह मजकुराला, दुहेरी चिन्ह कॉलमच्या किंवा टेबलाच्या नावाला.

व्हेअर गाव = "पुसद" लिहिलं की उत्तर येतं, "पुसद" नावाचा कॉलम अस्तित्वात नाही. मुलगा लगेच टेबलाची रचना तपासायला जातो. जवळच्या नावाचा कॉलम असेल तर पोस्टग्रेस 'तुम्हाला हा म्हणायचा होता का' असंही विचारतं, म्हणजे तो आणखी लांब जातो. 'मजकूर असेल तर एकेरी चिन्ह वापरा' एवढी एक ओळ तिथे हवी आहे. बरोबरीच्या चिन्हाच्या उजवीकडे दुहेरी चिन्हात न सापडणारं नाव आलं असेल, तर मजकूर म्हणायचा असण्याचीच शक्यता जास्त, असं माझं मत.

---

दिग्रसची_लॅब

ताई, मत पटलं. दुसऱ्या वर्षाला डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) आहे, तेव्हा एसक्यूएलचा वेगळा भाग करीन. इथे खात्री जोडीच्या सल्ल्याएवढी नाही, म्हणून वाक्य प्रश्नार्थक ठेवतो: 'पुसद हा मजकूर आहे का? असेल तर एकेरी चिन्ह लावा.'

---

आर्णीची_पोट्टी

सर, बंद करायचंच राहून गेलं तं काय सांगन तुमचा तपासनीस? मी लय वेळा इसरतो.

---

वरुडकर

ते भाषेवर अवलंबून आहे, ताई. सी, जावा आणि पायथनमध्ये साधी स्ट्रिंग त्याच ओळीत संपवावी लागते. म्हणून ओळ संपली की चूक पकडली जाते. पायथन ३.१० च्या आधी 'ईओएल व्हाइल स्कॅनिंग स्ट्रिंग लिटरल' असा संदेश यायचा, आता 'अनटर्मिनेटेड स्ट्रिंग लिटरल' म्हणतो आणि ओळही सांगतो. पुष्कळ सुधारणा झाली.

रस्टमध्ये स्ट्रिंग कितीही ओळी चालते. तिथे एक " राहिलं की पुढच्या स्ट्रिंगचं उघडणारं चिन्ह हिचं बंद करणारं ठरतं, आणि तिथून खाली सगळी फाइल सदरा उलटा घातल्यासारखी होते: मजकुराचा कोड, कोडचा मजकूर. शेवटचं उरलेलं चिन्ह बंद न झालेलं म्हणून ई०७६५ येतो, तो मूळ चुकीपासून कितीतरी ओळी खाली. खरी जागा सांगायची तर अंदाज बांधावा लागतो, उदाहरणार्थ ज्या 'स्ट्रिंग'मध्ये ओळीच्या शेवटी ), सापडतं ती संशयित. पण हा अंदाजच आहे. अशा ठिकाणी 'कदाचित इथून बघा' एवढंच म्हणावं आणि दुरुस्ती सुचवू नये.

तुमच्या प्रॅक्टिकलपुरतं पहिलंच पुरे. उघडलेली जागा दाखवा, बंद करायचं राहिलंय म्हणा.

---

मेहकरची_मास्तरीण

मी शाळेत मुलांना मराठी मजकूर घेऊनच पायथन आणि थोडं रस्ट शिकवते, तेव्हा देवनागरीची बाजू मांडते.

'कि' हे मुलांच्या दृष्टीनं एक अक्षर. युनिकोडमध्ये मात्र दोन कोडपॉइंट (क्रमांक दिलेली सुटी चिन्हं): क आणि इकार. 'क्ष' तर तीन: क, हलन्त, ष. रस्टमध्ये एकेरी चिन्हात 'कि' लिहिलं की 'एकच कोडपॉइंट चालतो' अशी चूक येते आणि दुहेरी चिन्ह वापरा असा सल्ला येतो. सल्ला बरोबर आहे, पण मूल म्हणतं, बाई, एकच तर अक्षर आहे. इकारासारखं जोडचिन्ह मागे असेल तर रस्ट तशी टीप देतो. क्षमध्ये शेवटचा ष हा जोडचिन्ह नाही, पूर्ण अक्षर आहे, म्हणून तिथे ती टीप मिळत नाही. तपासनिसानं सुटे भाग मांडून दाखवले, 'क्ष = क + ् + ष, संगणकाला ही तीन चिन्हं दिसतात', तर मूल तिथल्या तिथे शिकेल. ही सुधारणा रस्टलाही सुचवण्यासारखी आहे.

दुसरं, बाणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते आमच्याकडे जास्तच जाणवतं. जीसीसी ११ पासून रकाना बाइटांऐवजी पडद्यावरच्या रुंदीनं मोजतो, पण ओळीत जोडाक्षरं असली की टर्मिनल (संदेश दिसतात ती खिडकी) ती किती जागेत काढील याचा नेम नसतो, आणि ^ सरकतो. इंग्रजी मजकुराच्या ओळीत बाण नेमका चिन्हाखाली, मराठी मजकुराच्या ओळीत तीन-चार घरं पुढे. म्हणून बाणावर भिस्त ठेवू नका. चिन्हाच्या आधीचा आणि नंतरचा एकेक शब्द संदेशात छापा: 'म्हणाली' नंतरचं चिन्ह पाहा.

अवांतर: मुलं कोडमध्ये १ २ ३ असे देवनागरी आकडेही टाकतात. पायथनमध्ये ते थेट कोडमध्ये चालत नाहीत, पण इंट("१२") केलं तर १२ मिळतात. एकदा चालतं आणि एकदा नाही, यानं मुलं फार गोंधळतात. तपासनिसात तेही असू द्या.

---

दिग्रसची_लॅब

बाई, आधी-नंतरचा शब्द छापायची कल्पना लगेच घेतली. बाण काढूनच टाकतो. विसर्ग आणि देवनागरी आकडे एकाच तक्त्यात घालतो.

आता चाचण्या. आर्वीकर, रस्टमध्ये कशा ठेवतात?

---

आर्वीकर

प्रत्येक चुकीची एक छोटी कोड फाइल, आणि तिच्या शेजारी त्याच नावाची .एसटीडीईआरआर फाइल, जिच्यात कंपायलरनं छापलेला संदेश अक्षरशः जसाच्या तसा असतो. संदेशात एक शब्द बदलला तरी चाचणी अडते. बदल मुद्दाम केलेला असेल तर 'ब्लेस' करून नवा संदेश कायम करायचा. तुम्हीही हेच करा. आणि बरोबर प्रोग्रॅमही ठेवा, ज्यांच्यावर तपासनिसानं काहीच बोलायचं नाही. वरुडकरांचं 'जेवून जा' पहिल्या नंबरवर. पोरांच्या खऱ्या फाइली गोळा करा, पण मूळ फाइल जशीच्या तशी घ्या. मेसेजमध्ये चिकटवून मागवलीत तर वाटेत चिन्हं पुन्हा बदलायची.

---

आर्णीची_पोट्टी

सर, माया मैत्रिणीच्या फाइलीत असं सापडलं. सुरवात सरळ, शेवट गोल:

प्रिंटएफ("नाव : %एस”, नाव);

तुमच्या नियमानं सरळ चिन्हाच्या आतल्या गोल चिन्हाले हात लावायचा नाई. मंग हे कसं सापडन?

---

वरुडकर

ताई, छान पकडलंत. हे त्या नियमातून खरोखरच निसटतं. सरळ " नं स्ट्रिंग उघडली, आतलं ” मजकूर समजलं गेलं, आणि ओळ संपली तरी बंद नाही. जीसीसी इथे 'मिसिंग टर्मिनेटिंग " कॅरॅक्टर' म्हणेल आणि पोरगं ओळीच्या अगदी शेवटी, अर्धविरामानंतर, एक " लावून मोकळं होईल.

म्हणून स्ट्रिंग ओळीच्या शेवटापर्यंत बंद झाली नाही, तरच मागे वळायचं आणि आतली गोल चिन्हं बघायची. एकटंच ” असेल, त्याचं उघडणारं “ स्ट्रिंगमध्ये कुठे नसेल, तर तेच बंद करणारं असण्याची दाट शक्यता.

---

दिग्रसची_लॅब

नियम घातला. एकटं ” असेल तर 'नाव : %एस नंतरचं चिन्ह गोल आहे, तिथे " लावा' असं सांगून दुरुस्त ओळ छापतो. “ आणि ” दोन्ही स्ट्रिंगच्या आत असतील, म्हणजे कोणीतरी मजकुरात कुणाचं बोलणं लिहिलंय आणि बंद करणारं " खरंच राहिलंय, तर दुरुस्ती सुचवायची नाही. उघडलेली जागा दाखवायची आणि 'हे चिन्ह बंद झालेलं नाही' एवढंच म्हणायचं.

आर्णीच्या ताई, ती मूळ फाइल ईमेलला जोडून पाठवाल का? चाचण्यांत घेतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात देतोय.